बाकावरचा अर्धा तास

जिजींच्या शेजारी बसलेला माणूस गप्प आहे, असं दृश्य मी कधी पाहिलं नाही. त्या गप्प बसूच देत नसत. शनिवारी दुपारी दवाखाना आटोपून आम्ही दोघं निसरपूरच्या फाट्यावर धारची बस धरायचो. त्या धारला उतरत, मी पुढे इंदूरला बस बदलून देवासला घरी जाई. बसमध्ये जिजींची जागा ठरलेली, ड्रायव्हरच्या बरोब्बर मागची. तिथे कोणी आधीच बसलेलं असलं, तर त्याच्याशी उभ्याउभ्या इतकं बोलत की तो बिचारा आपणहून उठून मागे जाई. मग ड्रायव्हरची पाळी. मुलीचं जमलं का, सासूचं पोट दुखायचं थांबलं का, काल झोपलास किती, जेवलास काय. घाट लागला की ड्रायव्हर काकुळतीला येई. "जिजी, अब दो मिनट चुप रेने दो, घाट है."

"अरे भिया, घाट है इसलिए तो बोल रही हूँ," जिजी म्हणत, आणि पुन्हा सुरू.

मला लाज वाटायची. खिडकीकडे तोंड करून मी झोपेचं सोंग घ्यायचो, तर लगेच शेजारून कोपर. "देवासकर, गप्प का? बरं आहे ना?" बरं आहे म्हणून भागत नसे. काहीतरी बोलून दाखवावं लागे, आणि तेही स्वच्छ आवाजात.

नाव शरयू दिघे, पण डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांच्या त्या जिजी. आमच्या त्या लहानशा सरकारी दवाखान्याच्या त्या इन्चार्ज सिस्टर, मी लॅब टेक्निशियन. घराणं धारचं जुनं. आजोबा संस्थानच्या कचेरीत होते आणि जिजींचं मराठी त्याच कचेरीतून चालत आलेलं. 'अंमळ बसा', 'मी जात्ये', 'तसं नव्हे हो'. आमचं मराठी देवासच्या कारखान्याच्या कॉलनीतलं. वडील नोकरीसाठी खानदेशातून आले, माझी शाळा हिंदी, दोस्त हिंदी. मी 'येऊन राहिलो' म्हटलं की जिजी कपाळावर हात मारत. "येऊनही झालं आणि राहूनही झालं! एकदाचे याल तरी का?" माझं खरं आडनाव त्यांनी कधी उच्चारलं नाही. मी कायमचा देवासकर.

आणि जिजी भित्र्या होत्या. हे मी सरळच लिहितो, कारण त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमात एकेकानं उठून 'धैर्याची मूर्ती' वगैरे भाषणं ठोकली आणि माझं डोकं फिरलं. कसली मूर्ती घेऊन बसलात! बाई पालीला घाबरायची, विजेच्या बटणाला घाबरायची, माझ्या मोटरसायकलला तर फारच. इंजेक्शनची बाटली हातात घेतली की तिच्यावरचं नाव मोठ्यांदा वाचायची, मग मला वाचायला लावायची, मग पेशंटला लिहिता-वाचता येत असेल तर त्यालाही. एकदा एक मास्तर चिडले, "मैं क्या कंपाउंडर हूँ?" जिजी म्हणाल्या, "नहीं मास्टरजी, पर आँखें तो हैं." मास्तरांनी निमूट वाचलं.

सुई टोचून झाली की पेशंट कडुनिंबाखालच्या बाकावर, आणि शेजारी जिजी. अर्धा तास. म्हैस किती दूध देते, नणंद कुठं दिली, कपाशीचं काय, काहीही विचारायच्या. लांबून बघणाऱ्याला वाटे, या बाईला कामधंदा नाही. मलाही वाटे. कपाटाच्या किल्ल्या मात्र त्या अर्ध्या तासात कमरेला नसत, हातात असत. हे मी बघत होतो, पण त्याचा अर्थ काही लावला नव्हता.

एका खणाला त्या हात लावत नसत. पेनिसिलिनचा खण. बाटल्या येत, मुदत संपे, बाटल्या जात, नव्या येत. ज्याला ते इंजेक्शन हवं त्याला डॉक्टर धारला जायची चिठ्ठी देत. आमच्याकडे ते लागे बहुतकरून एकाच आजाराला, ज्याचं नाव दवाखान्यात कोणी घेत नाही. पुस्तकात सिफिलिस, गावात गरमी. गरोदर बाईला असला तर पोटातल्या मुलापर्यंत पोचतो. मूल पोटातच जातं, नाहीतर जन्मतं ते आजारी. पूर्वी आम्ही रक्ताची नळी धारला पाठवायचो. रिपोर्ट येई तेव्हा बाई कापूस वेचायला गुजरातेत गेलेली असे, बाई येई तेव्हा रिपोर्ट नसे. दोन्ही एकदम हजर झाले तर चिठ्ठी. ती बाई धारला पोचली की नाही, हे विचारायला कोणी गेलं नाही. आम्हा सगळ्यांच्या भीतीची सोय त्या चिठ्ठीत होती.

मग झटपट तपासणीची कार्डं आली.

जिल्ह्याहून एक साहेब शिकवायला आले. बोटाला टोचा, कार्डावर एक थेंब रक्त, वरून थेंबभर औषध, चहा पिऊन होईपर्यंत निकाल. एक रेष म्हणजे काही नाही, दोन रेषा म्हणजे आजार. मी तर खूश. नळ्या बर्फात घालून पाठवण्याची कटकट गेली. सगळे माना डोलावत होते. जिजींनी एवढंच विचारलं, "आणि मग?"

"मग काय? इंजेक्शन," साहेब म्हणाले. "इथंच, त्याच दिवशी. चिठ्ठी द्यायची नाही, घरी पाठवायचं नाही. पेशंट एकदा फाटकाबाहेर गेला की गेला."

 जिजींनी हातातली चहाची बशी खाली ठेवली आणि मग साहेब जाईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना गप्प पाहिलं आणि मला काही ते बरं वाटलं नाही.

दुपारी त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "देवासकर, मी एक माणूस मारलाय."

 मी कार्डं रचत राहिलो.

जिजी तेव्हा नोकरीला नुकत्या लागलेल्या, दुसऱ्याच गावी. एक शिंपी आला. घसा सारखा सुजायचा त्याचा. डॉक्टरांनी पेनिसिलिन लिहिलं. जिजींनी रीतीप्रमाणे आधी हातावर थेंबभर टोचून पाहिलं, काही उठलं नाही. मग इंजेक्शन दिलं. तो स्टुलावर बसला आणि मुलीच्या लग्नाचं सांगायला लागला, लुगड्याला जरीचा काठ स्वतःच्या हातानं लावतोय म्हणून. जिजी त्याच्याकडे पाठ करून सिरिंजा उकळायला टाकत होत्या.

"बोलता बोलता थांबला हो तो. मला वाटलं, गोष्ट संपली. मी पाठमोरीच म्हटलं, मग काठ लावून झाला की नाही? उत्तर नाही. वळून बघत्ये तर…" जिजींनी स्वतःचा गळा धरला. "आधी आवाज बसतो, देवासकर. मग श्वास. माझं लक्ष असतं तर आवाज बसताना ऐकू आला असता. त्यावरचं औषध कपाटात होतं. कपाटाला कुलूप. किल्ली कंपाउंडरकडे, आणि तो जेवायला गेलेला."

कोणी त्यांना दोष दिला नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, एखाद्याला हे औषध सोसत नाही, असं होतं कधी कधी. जिजींना ते पटलं नव्हतं, एवढंच. ते ऐकल्यावर मला बसमधल्या त्यांच्या बडबडीची पुन्हा कधी लाज वाटली नाही.

त्यानंतर दर तपासणीच्या दिवशी माझ्या खिडकीशी त्यांचं डोकं. "आज काय?" सगळ्या कार्डांवर एकच रेष आहे म्हटलं की डोळे मिटून देवाचं नाव घेत आणि जात. दिवसेंदिवस त्यांचं ते डोकं बघून मलाही धाकधूक व्हायला लागली. कार्डावर रक्त पडलं की ते गुलाबी पाणी कसं चढतं ते मी श्वास रोखून बघायचो. मशीनवर काम करणारा माणूस मी, पण देवाचं नाव घ्यायला लागलो, भिया.

आणि एक दिवस रामकन्या आली. नाव मी बदललंय. धरणाचं पाणी चढल्यावर ज्यांची घरं गेली, त्यांच्या नव्या वसाहतीतली. अंगानं काटकुळी, पोट नुकतं दिसायला लागलेलं. नवरा देवासला कारखान्यात. आधीची दोन मुलं मेलेलीच जन्मली होती. खिडकीशी उभी राहून ती पदराआडून विचारत होती, "भाईजी, इतनी देर?" आणि मी कार्डाकडे बघत होतो. पहिली रेष आली. मग तिच्याखाली, आधी वाटलं डोळ्यांचा भास, मग नाही, दुसरी.

जिजी बघून म्हणाल्या, "फिकी आहे."

"फिकी असली तरी आहे, जिजी."

"दुसरं कार्ड लावा."

लावलं. तेच. जिजींनी खिडकीची कड घट्ट धरली होती.

आमचे डॉक्टर नवे, तरुण. त्यांनीही दवाखान्याच्या सवयीनं चिठ्ठीचा कागद पुढे ओढला. "जिजी, धार भेज दें?" जिजी रामकन्येला आतल्या खोलीत घेऊन गेल्या आणि दार लावून घेतलं. आत काय झालं ते जिजींनीच नंतर मला सांगितलं. त्यांनी तिला आजार सांगितला, तो नवऱ्याकडून आला असणार हेही सांगितलं, बरा होतो हे सांगितलं. धारला जाशील का विचारलं. ती म्हणाली, कशी जाऊ, सासू विचारेल कशाला, आणि सासऱ्याशी बोलणार कोण? सासू तर आधीच मुलाला दुसरी बायको बघत होती. मग ती जमिनीकडे बघत म्हणाली, "जिजी, वो दोनों… इसी से गए?"

"हो सकता है, बेटा."

"तो मैं डाकन नी हूँ?"

वसाहतीत तिला तसं म्हणायला लागले होते. पोरं खाणारी बाई.

जिजी बाहेर आल्या त्या सरळ माझ्याकडे. "देवासकर, इंजेक्शन इथंच द्यायचंय," त्या म्हणाल्या, "आणि मला भीती वाटत्ये."  मलाही वाटत होती. डॉक्टरांना तर विचारूच नका.

पेनिसिलिनचा खण उघडला. बाटलीवरचं नाव जिजींनी वाचलं, मी वाचलं, डॉक्टरांनी वाचलं. उलट झालं तर द्यायचं औषध आधीच दुसऱ्या सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये, वर स्वच्छ कापड. हातावर थेंब टोचून वाट पाहिली. काही उठलं नाही. शिंप्याचंही उठलं नव्हतं. मग जिजींनी इंजेक्शन दिलं, सावकाश, ओठ दाताखाली धरून, आणि रामकन्येला हाताला धरून बाकावर आणलं. ट्रे मांडीवर. बाक माझ्या खिडकीच्या अगदी समोर.

"अब बोल. मायका कहाँ है? पुराना गाँव कैसा था?"

रामकन्या आधी लाजली, मग बोलायला लागली. जुन्या घराचं सांगत होती. पाणी यायच्या आधी सासऱ्यांनी घराचं दार चौकटीसकट काढलं आणि ट्रॅक्टरवर घालून आणलं. नव्या घराला ते मोठं झालं, तर त्यांनी दार कापलं नाही, भिंत फोडली. जिजी हसत होत्या, पण कान तिच्या आवाजाला चिकटलेले. मी हातातलं काम सोडून ऐकत होतो. मध्येच ती म्हणाली, "फिर सासू बोली के…"

आणि थांबली.

"क्या बोली?" जिजींनी विचारलं. उत्तर नाही. रामकन्येनं पदर छातीपर्यंत ओढून घेतला होता. चेहरा दिसेना. "बेटा? सासू क्या बोली? रामकन्या!" काही नाही. ती मान खाली घालून आकसत चालली होती.

"डॉक्टर! देवासकर! धावा!" तो आवाज मी आजही विसरलो नाही. ट्रेवरचं कापड उडालं. जिजींनी एका हातानं तिचा पदर खसकन वर केला, दुसऱ्या हातात ती भरलेली सुई. "मुँह खोल! आवाज निकाल! बोल, बेटा, कुछ भी बोल!" रामकन्येचे डोळे बाहेर आलेले, चेहरा लाल, ओठ गच्च मिटलेले. ती मान हलवत होती आणि बोलत नव्हती. सुई तिच्या मांडीला टेकायच्या बेतात. मी खिडकीतूनच बघितलं, ती डोळ्यांनी फाटकाकडे दाखवत होती.

फाटकात पांढरा साफा घातलेला म्हातारा उभा होता. सासरा. बाजाराला आलेला, सुनेला घेऊन जावं म्हणून वळलेला. आणि त्यांच्या घरातली सून सासऱ्यासमोर तोंडातून शब्द काढत नाही. मेली तरी काढत नाही.

"जिजी, थांबा! सासरा आलाय! सासरा!" मी ओरडलो. डॉक्टर धावत आले, त्यांनी तिची नाडी धरली, छातीला नळी लावली. "ठीक है, जिजी. सब ठीक है." म्हाताऱ्यानं सुनेचं उघडं तोंड दिसताच भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. तसाच तो पाठमोरा निघून गेला. तो गेल्यावर रामकन्या रडत रडत म्हणाली, "जिजी, ये क्या कर दिया?"

जिजींनी सुई पुन्हा ट्रेमध्ये ठेवली. "आवाज स्वच्छ आहे," त्या मला सांगत होत्या. "ऐकलंत ना, देवासकर? स्वच्छ आहे आवाज." आणि रडत होत्या.

इंजेक्शनं तीन द्यायची होती, आठवड्याआठवड्यानं. पुढच्या आठवड्यात रामकन्या आली नाही. जिजी दिवसभर फाटकाकडे बघत राहिल्या. "माझ्या भीतीनं घालवलं हो तिला," एवढंच दोनतीनदा म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या समोर हजर. "गाडी काढा." माझ्या मोटरसायकलवर ती बाई आपण होऊन बसली, यावरून काय ते समजा. वसाहतीपर्यंत माझा खांदा पिळून काढला.

ते मोठं दार आम्ही लांबूनच ओळखलं. म्हातारा अंगणात खाटेवर होता. त्यानं आमच्याकडे बघितलं आणि हुक्का ओढत राहिला. मला वाटलं, आता जिजी नेहमीसारख्या सुरू होतील. जिजींनी पदर डोक्यावरून घेतला, अंगणात जमिनीवर बसल्या, म्हाताऱ्याकडे अंमळ पाठ करून, आणि मला म्हणाल्या, "देवासकर, बासाब से कहो, उस दिन मेरे हाथ से बेअदबी हुई."

म्हातारा खाटेवरून सगळं ऐकत होता. तरी मी गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, "बासाब, जिजी कहती हैं, बेअदबी हुई." बासाब म्हणजे घरातला थोरला. थोरांशी समोरासमोर न बोलता मध्ये माणूस घालायची ही रीत जिजींच्या आजीच्या घरची. ती त्यांना अशी उपयोगी पडेल असं मला काय, त्यांनाही वाटलं नसेल.

म्हाताराही मलाच म्हणाला, "भाई, इनसे पूछो, क्यों करी?"

"कहो, बहू चुप हो गई तो मैं डर गई. इस सुई के बाद कोई चुप हो, तो मैं डरती हूँ. एक आदमी मेरे पीछे चुप होके मर गया था."

हे मी शब्दन् शब्द सांगितलं. म्हाताऱ्यानं हुक्का खाली ठेवला. "सुई काय की है?"

 दाराआड बांगड्या वाजल्या, रामकन्या तिथेच उभी होती. आजाराचं नाव या अंगणात निघालं असतं तर तिचं काय झालं असतं, ते सांगायला नको. जिजी जराही न थांबता म्हणाल्या, "कहो, बच्चे की है. ये सुई नी लगी, इसलिए वो दोनों गए. तीसरा नी जाना चाहिए."

 मग म्हातारा हलक्या आवाजात म्हणाला, "तो बहू में दोष नी?"

आता जिजी मी मध्ये आहे हे विसरल्या. वळून त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "नी, बासाब. बहू में कोई दोष नी."

दुसऱ्या दिवशी म्हातारा स्वतः सुनेला घेऊन आला. फाटकाशी सोडलं, रस्ता ओलांडून चहाच्या टपरीवर गेला आणि आमच्याकडे पाठ करून बसला. मग सबंध रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात टपरीवाल्याला म्हणाला, "मैं उधर नी देखूँगा. बहू से बोलो, बात करती रहे." रामकन्या आधी कुजबुजली, मग हळूहळू आवाज चढला. सासूच्या तक्रारी तिनं पोट भरून सांगितल्या. पाठमोऱ्या म्हाताऱ्याचा साफा जरासुद्धा हलला नाही.

तिसऱ्या वेळी नवराही आला. जिजींनी त्याला फोन करून देवासहून बोलावून घेतलं होतं, घरी कोणाला कारण न सांगता. त्याच्या कार्डावरही दोन रेषा. इंजेक्शन झालं, बाकावर बसला आणि खाली मान. जिजींचा जीव खालीवर. "बोल रे."

"क्या बोलूँ, जिजी. मेरी वजह से दो बच्चे…"

"वो बाद में बोलना, उमर पड़ी है. अभी ये बता, कारखाने में क्या बनाता है?"

"गियर."

"कैसे बनता है?"

डोळे पुसत पुसत त्या माणसानं गिअर कसा बनतो ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. जिजींनी मध्ये मध्ये प्रश्नही विचारले.

पुढचे महिने आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. दर तपासणीला डॉक्टर मुलाचे ठोके मोजत आणि जिजी डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघत. जिजींच्या निवृत्तीला थोडे दिवस उरले होते. त्यांची एकच काळजी, बाळंतपण आपल्या हातून होतंय की नाही. झालं. भर दुपारी कळा सुरू झाल्या आणि टेम्पोत घालून तिला आणलं. सासू आत गेली, म्हातारा त्याच्या टपरीवर, पाठ करून. मी बाहेरच्या व्हरांड्यात. माझं तिथे काही काम नव्हतं, पण लॅबमध्ये बसवेना.

आतून जिजींचा आवाज येत होता. नेहमीचाच, अखंड. "बोल बेटा, सासू क्या बोली थी? उस दिन अधूरा रह गया." रामकन्या सासूदेखत कण्हत कण्हत काहीतरी सांगत होती. मग तिची एक मोठी किंकाळी. आणि मग जिजींचा आवाज थांबला.

आत कोणीच बोलेना. मला तो शिंपी आठवला, ज्याला मी पाहिलंही नव्हतं. ती दोन मुलं आठवली. दाराशी जाऊन कान लावायचीही हिंमत होईना. जिजी, बोला हो, मी मनात म्हणत होतो, काहीतरी बोला, मला शिव्या घाला.

मग एक बारीक, चिडकं रडणं आलं. थांबलं. पुन्हा आलं, आणि या वेळी सगळा दवाखाना डोक्यावर घेतला.

मी रस्ता ओलांडून पळालो. म्हातारा तसाच पाठमोरा. चहाचा ग्लास भरलेलाच होता. मान न वळवता त्यानं विचारलं, "बोला क्या?"

"बोली, बासाब," मी म्हणालो. "जोर से बोली."

"बोली," तो म्हणाला. मग साफ्याचं टोक डोळ्यांना लावून पुन्हा म्हणाला, "बोली."

त्या महिनाअखेरीला निरोपाची ती भाषणं झाली आणि शनिवारी आम्ही शेवटची बस धरली. जिजी ड्रायव्हरच्या मागे बसल्या आणि म्हणाल्या, "आज तुम्ही बोला, देवासकर. मी ऐकत्ये." मी बोलत राहिलो. देवासचं, आईचं, शाळेचं, माझ्या मोडक्या मराठीत सुचेल ते. धारच्या अलीकडे बघतो तर त्यांची मान खिडकीला टेकलेली.

"जिजी?" उत्तर नाही. "जिजी!" ड्रायव्हरनं आरशातून बघितलं आणि गाडी हळू केली. मी खांदा गदागदा हलवला, तेव्हा डोळे उघडले.

"काय हो?"

"गप्प होतात."

"घाबरलात?"

"हो," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू, रडकुंडीलाच आलो होतो.

"बरं झालं," जिजी म्हणाल्या. कमरेच्या किल्ल्या त्यांनी आदल्या दिवशीच नव्या सिस्टरकडे दिल्या होत्या, तरी हात तिथे गेला. "नवी सिस्टर शूर आहे. सोमवारपासून बाकावर तिच्या पेशंटपाशी तुम्ही बसत जा."

पुढच्या थंडीत त्या गेल्या. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या शनिवारी, बसच्या बंद काचेतून. धारच्या स्टँडवर उतरल्या, गर्दीतून वाट काढत एका ऑटोत बसल्या. ऑटोवाला निघायच्या घाईत होता, आणि जिजींचे ओठ हलायला लागले होते. काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. त्यानं मागे मान वळवली आणि काहीतरी सांगायला सुरुवात केली.